पुलीने जोर वाढतो, मग वीज का वाढत नाही?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका यंत्राचा व्हिडिओ पाहिलात. २ एचपीची मोटार, तिच्या पट्ट्यावर फिरणारं १०० किलोचं मोठं चाक, आणि त्या चाकावरून दुसऱ्या पट्ट्याने फिरणारा ७.५ केव्हीएचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र. चाकाने वेग घेतला की माणूस मोटारीची पिन घरच्या बोर्डातून काढून अल्टरनेटरच्या बोर्डात लावतो. यंत्र चालूच राहतं आणि वर दहा दिवेही पेटतात. विकणारा दीड लाख मागतोय, शिवाय पेटंटला अर्ज केलाय म्हणतोय. तुमच्याकडे शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, म्हणून यावर ५ एचपीचा पंप दिवसा चालवायचा विचार आहे. आणि आयटीआय झालेला तुमचा भाऊ विचारतोय की पुलीने जोर तिप्पट होतो हे पुस्तकातच आहे, मग वीज का होणार नाही?

यंत्र घेऊ नका. हे उत्तर एका ओळीचं आहे. भावाचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. पुलीने जोर खरंच वाढतो. जड चाक लावलं की लहान मोटार मोठ्या मोटारीचं काम करते, हेही काही वेळा खरं असतं. या दोन खऱ्या गोष्टींच्या आडून तिसरी खोटी गोष्ट खपवली जातेय, म्हणून ती पटते. 'विज्ञानाच्या विरुद्ध आहे' एवढं म्हणून कोणी गप्प बसणार नाही, कारण त्याने पुली आणि चाक डोळ्यांनी पाहिलंय. मी मोटार वाइंडिंगच्या आणि पंप बसवायच्या धंद्यातला माणूस आहे. सूत्रं लागतील तेवढीच घेतो, हिशेब मात्र पुरता करू.

आधी जोराचं बघू. आमच्या शेडमध्ये आढ्याच्या गर्डरला एक टनाची चेनपुली टांगलेली आहे. टेम्पोतून टनभर वजनाचा जनरेटर उतरवायचा असला की एक शिकाऊ पोरगा एकटाच साखळी ओढतो आणि जनरेटर अधांतरी होतो. पोराचा जोर धरा तीस किलोचा. तीस किलोच्या जोराने हजार किलो उचललं, म्हणजे जोर तेहतीसपट झाला. यात काही फसवाफसवी नाही. पण हाताने ओढायची साखळी गोल जोडलेली असते, त्यामुळे ती किती ओढली गेली ते कोणाच्या ध्यानात येत नाही. एका कडीला खडू फासा, आणि जनरेटर एक मीटर वर जाईपर्यंत खडूची कडी किती वेळा हाताखालून जाते ते मोजा. हजार किलो एक मीटर उचलायला ९,८०० ज्यूल काम लागतं. तीस किलोच्या जोराने तेवढं काम करायचं तर तेहतीस मीटरच्या वर साखळी ओढावी लागते. प्रत्यक्षात आतल्या गिअरांचं घर्षण असतं, म्हणून आकडा याहून बराच जास्त येतो. कमी कधीच येत नाही, कुठल्याही कंपनीची चेनपुली आणा.

म्हणजे चेनपुलीने जोर वाढवला आणि अंतर खाल्लं. काम म्हणजे जोर गुणिले त्या जोराच्या दिशेने झालेलं सरकणं, आणि हा गुणाकार दोन्हीकडे सारखा राहतो. थोडा घर्षणात जातो तेवढाच. तुमच्या भावाने पुस्तकात वाचलंय ते पहिलं वाक्य होतं; त्याच पानावर दुसरं वाक्य अंतराचं असतं.

जुन्या लोकांनी हे मोटेवर पाहिलेलं आहे. मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, उताराची असायची, म्हणजे पाण्याने भरलेली मोट ओढताना बैलांचं स्वतःचं वजनही नाडा ओढायला कामी यायचं. बघणाऱ्याला वाटेल उताराने फुकट मदत केली. पण मोट थारोळ्यात रिकामी झाल्यावर तेच बैल तीच धाव चढून परत वर यायचे, आणि तेव्हा स्वतःचं वजन त्यांना उचलावं लागायचं. फायदा एवढाच की कष्टाचा एक भाग रिकाम्या खेपेत ढकलला गेला. ही युक्ती झकास आहे, पण तिने पाणी फुकट वर येत नाही.

आता तुमच्या यंत्राकडे. फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत जोराच्या जागी टॉर्क घ्यायचा आणि अंतराच्या जागी फेरे. २ एचपीच्या मोटारीच्या पाटीवर साधारण १.५ किलोवॅट आणि १४४० आरपीएम असं लिहिलेलं असतं. यावरून तिचा टॉर्क निघतो १० न्यूटन-मीटर. हा किती, तर मीटरभर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलोचं माप टांगलं तर नट जेवढा पिळला जाईल तेवढा. मोटारीवर चार इंची पुली आणि चाकावर बारा इंची पुली घातली तर चाक ४८० आरपीएमने फिरेल आणि त्याच्या शाफ्टवर टॉर्क मिळेल ३० न्यूटन-मीटर. तुमचा भाऊ इथपर्यंत बरोबर आहे.

पण पुढे अल्टरनेटर आहे. चार पोलचा अल्टरनेटर ५० हर्ट्झ द्यायला १५०० आरपीएमने फिरावाच लागतो. म्हणजे ४८० वरून परत १५०० करायला उलटी पुली घालावी लागणार, आणि ती घातली की टॉर्क ३० वरून साडेनऊवर येतो. मधल्या पुलीवर कमावलेला जोर शेवटच्या पुलीवर परत गेला. ७.५ केव्हीएच्या अल्टरनेटरने त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६ किलोवॅट, खरोखर द्यायचे तर त्याच्या शाफ्टवर, आतलं नुकसान धरून, ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. हाताशी आहे साडेनऊ.

इथे एक शंका हमखास येते, 'पण व्हिडिओत तर अल्टरनेटर मस्त फिरत होता.' फिरणारच. लोड नसलेला अल्टरनेटर हाताने ढकलला तरी फिरतो, मोटारीला तो जड जायचं कारण नाही. जड तो लोड टाकल्यावर होतो. वाइंडिंगमधून करंट वाहायला लागला की त्याचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरणाऱ्या रोटरला उलटं ओढतं. जेवढे वॅट बाहेर काढाल तेवढी ही ओढ वाढते. लग्नाच्या मांडवाबाहेरचा जनरेटर आठवा. आत कोणी मोठा लोड चालू केला की इंजिनाचा आवाज एकदम खाली बसतो, मग गव्हर्नर डिझेल वाढवतो, धुराचा काळा लोट निघतो आणि आवाज परत वर येतो. तो आवाज बसणं म्हणजेच ती उलटी ओढ. डिझेल सेटमध्ये जास्तीचं काम करायला जास्तीचं डिझेल येतं. तुमच्या यंत्रात ते कुठून येणार? मोटारीकडून म्हणावं तर मोटारीला वीज देणारा तोच अल्टरनेटर.

विकणारा म्हणेल, चाकातून येतं. म्हणून चाकाचा हिशेब नीट करू, खरी गंमत त्यात आहे.

फिरणाऱ्या चाकात ऊर्जा साठते यात वाद नाही. सगळीकडे सारख्या जाडीच्या भरीव चाकासाठी हिशेब सोपा आहे. वजनाचा चौथा भाग घ्यायचा आणि कडेच्या वेगाच्या वर्गाने गुणायचं. १०० किलोचं, एक मीटर व्यासाचं चाक ४८० आरपीएमने, म्हणजे सेकंदाला ८ फेऱ्यांनी फिरतंय. कडेचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर. त्याचा वर्ग ६३० च्या आसपास, गुणिले २५ किलो, म्हणजे जवळपास १५,८०० ज्यूल. एवढं मोठं धूड गरगर फिरताना बघून छाती दडपते, पण ६ किलोवॅटचा लोड सेकंदाला ६,००० ज्यूल मागतो. अडीच-पावणेतीन सेकंदांत चाक उभं! आणि पार थांबेपर्यंत तरी कोण वाट बघणार? वेग दहा टक्के उतरला की फ्रिक्वेन्सी ४५ वर येते आणि व्होल्टेजही गडगडतं. तेवढ्या उतारात चाकातून निघतात सुमारे ३,००० ज्यूल, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा खर्च.

हेच विजेच्या बिलाच्या भाषेत सांगतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. चाकात युनिटचा दोनशेवा हिस्सासुद्धा नाही. घरातल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिट धरते, या चाकाच्या चारशे पट. साठवायचंच असेल तर चाक ही फार महागडी आणि फार छोटी टाकी आहे.

वेग वाढवला तर साठा वर्गाने वाढतो, तिप्पट वेगाला नऊपट. १४४० आरपीएमला तेच चाक सुमारे १,४२,००० ज्यूल धरेल. तरीही ६ किलोवॅटला ते चोवीस सेकंदच पुरतं, आणि ते भरायला १.५ किलोवॅटच्या मोटारीला पूर्ण ताकदीने दीड मिनिटाच्या वर राबावं लागतं. वर धोका आहे तो वेगळाच. त्या वेगाला चाकाची कड ताशी २७० किलोमीटरने पळत असते. बिडाच्या चाकाची कड सेकंदाला ३० मीटरच्या, म्हणजे ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे नेऊ नये असा आमच्याकडचा जुना दंडक आहे, कारण बीड ताणाला कच्चं असतं. आतमध्ये डोळ्यांना न दिसणारी भेग असली तर चाक फुटतं आणि त्याचे तुकडे पत्र्याची शेड फोडून बाहेर जातात. गावठी बनवलेल्या यंत्रात चाक बॅलन्स केलेलं नसतं, वर जाळी नसते. कोणी दाखवायला बोलावलं तर चाक ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत, म्हणजे त्याच्या कडेसमोर, उभे राहू नका, बाजूला राहा.

मग कडबा कुट्टीला, प्रेसला, ऑइल इंजिनाला एवढी जड चाकं का लावतात? तुमच्या भावाने याची आठवण काढली असेलच. पत्रा पंच करणारं प्रेस घ्या. त्यावर २ एचपीची, म्हणजे दीड किलोवॅटची मोटार आहे आणि दर दोन सेकंदांनी एक घाव पडतो. दोन सेकंदांत मोटार चाकात ३,००० ज्यूल भरते. घाव मात्र एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पडतो. ३,००० ज्यूल तेवढ्या वेळात खर्च झाले म्हणजे त्या क्षणापुरते ३० किलोवॅट, चाळीस एचपी! ऑपरेटरला वाटतं २ एचपीच्या मोटारीने चाळीस एचपीचं काम केलं. केलं, पण क्षणभर, आणि मग उरलेला सगळा वेळ ती चाक पुन्हा भरत बसली. दिवसभराची बेरीज केली तर २ एचपीच्या वर काडीभर निघणार नाही. कुट्टीचंही तेच, पेंढीचा जाड भाग आला की चाक जोर लावतं, मधल्या फटीत मोटार ते भरून काढते. पाण्याचा पंप असा घाव घालून थांबत नाही. तो तासन्‌तास एकसारखा लोड मागतो, त्याला फट अशी नसतेच. म्हणून पंपाला चाकाचा उपयोग शून्य.

आता मोटारीची पिन स्वतःच्याच अल्टरनेटरला लावल्यावर काय होतं ते बघू. १.५ किलोवॅटची साधी मोटार घेतलेल्या विजेतले ८२ टक्क्यांच्या आसपास शाफ्टवर देते. दोन पट्टे प्रत्येकी पाचेक टक्के खातात. एवढा लहान अल्टरनेटर ८५ टक्के परत देईल असं उदार मनाने धरू. गुणाकार केला की शंभरातले ६३ परत आले. ते पुन्हा मोटारीला दिले की ४०, मग २५, मग १६. प्रत्यक्षात हे टप्प्याटप्प्याने होत नाही, एकाच झोक्यात चाकाचा वेग उतरत जातो. बाहेर एकही दिवा लावलेला नसताना ही गत आहे. गेलेले ३७ कुठे गेले ते शोधायला लांब जायला नको. अर्धा तास चाललेल्या कुठल्याही पट्ट्याच्या यंत्राच्या मोटारीच्या अंगाला, बेअरिंगच्या घराला हात लावा, मग बंद करून पुलीला हात लावा. सगळं गरम लागेल. काम आणि उष्णता यांचा हा हिशेब इंग्लंडच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात वजनं खाली सोडून, त्यांनी पाण्यात पाती फिरवून आणि पाणी किती तापलं ते मोजून घालून दिला. ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव आहे ते त्यामुळेच.

आणि समजा, देवकृपेने घर्षण शून्य झालं, पट्टे घसरत नाहीत, तांबं तापत नाही. तरी शंभराचे शंभरच परत येतील आणि ते मोटारीलाच लागतील. दहा दिव्यांसाठी काय उरलं?

याच्या उलट टोकाचं एक उदाहरण आमच्या टेबलावर कायम येतं, तेही सांगतो, कारण जोर आणि काम यांतला फरक त्यात उघडा दिसतो. सबमर्सिबल पंपात वाळू अडकून तो जाम होतो. स्टार्टर दाबला की मोटार नुसती घुमते, फिरत नाही. त्या वेळी ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढत असते आणि शाफ्टवर भरपूर टॉर्कही असतो. पण फेरा शून्य, म्हणून काम शून्य, पाण्याचा थेंब नाही. आत गेलेली सगळी वीज तांब्यातच तापून निघते. ओव्हरलोड रिलेने वेळेत पाडलं नाही तर मोटार उघडल्यावर वार्निशचा जळका वास येतो आणि वाइंडिंगच्या कडा कोळशासारख्या काळ्या दिसतात. वीज भरपूर, जोर भरपूर आणि काम काहीच नाही. नुसत्या जोराकडे बघून यंत्राची किंमत ठरवू नये ती अशासाठी.

आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचा मोह आजचा नाही. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, स्वतःहून फिरणारं चाक वर्णन केलंय. एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही त्याचं आकर्षण वाटलं, तर तुमच्या भावाला वाटलं यात लाजण्यासारखं काही नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच ठरवून टाकलं की अशा यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ आहे. त्याच्या पहिल्याच पोटकलमात, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध धरली जाणार नाही असं म्हटलंय. तेव्हा 'पेटंटला अर्ज केलाय' या वाक्याला भुलू नका. अर्ज कोणीही फी भरून करू शकतो, मिळालंय का ते विचारा.

व्हिडिओत मग चालतं कसं? ते यंत्र मी पाहिलेलं नाही, त्यामुळे नेमकी कुठली युक्ती आहे ते छातीठोक सांगणार नाही. सहसा यांपैकी काहीतरी असतं. स्टँडच्या पोकळ पायातून आलेली वायर, खोक्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर, किंवा चाक पुरतं थांबायच्या आत कापलेला व्हिडिओ. दिवे मोठे दिसतात पण एलईडी असतात, दहा दिवे म्हणजे जेमतेम नव्वद वॅट. काही जण क्लॅम्प मीटर लावून अँपिअर दाखवतात आणि व्होल्टने गुणून वॅट सांगतात. इंडक्शन मोटारीच्या बाबतीत हा गुणाकार वॅट देत नाही, कारण करंटचा मोठा भाग नुसतं चुंबकत्व उभं करायला ये-जा करत असतो. पॉवर फॅक्टर धरल्याशिवाय तो आकडा कुचकामी आहे.

म्हणून वाद घालू नका, चाचणी मागा. यंत्र तुमच्या मोकळ्या रानात आणायला सांगा, जिथे जवळपास लाइटचा खांब नाही. चारही बाजूंनी खालून-वरून बघता येईल असं उभं करा. लोड म्हणून पाणी तापवायचे हजार वॅटचे सहा रॉड बॅरलमध्ये सोडा आणि मधे साधा युनिट मीटर जोडा. एक तास चालवा. सहा युनिट पडले पाहिजेत आणि बॅरलभर पाणी चटका बसेल असं तापलं पाहिजे. दोनशे लिटर पाणी असेल तर सहा युनिटमध्ये ते पंचविसेक अंशांनी तापतं, म्हणजे मीटरवर विश्वास नसेल तर साधं थर्मामीटरही चालेल. माझ्या माहितीत या अटीवर कोणी विक्रेता रानात यायला तयार झालेला नाही. 'हेवी लोड आत्ता नको, मशीन नवीन आहे' असं उत्तर मिळालं की समजून जा. यातलं काहीही होण्याआधी इसार देऊ नका.

आता तुमची खरी अडचण. ती विजेच्या बिलाची नाहीच. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारच्या योजनेत बिल माफ आहे, तुमचा ५ एचपी त्यात बसतो. अडचण वेळेची आहे. वीज रात्री येते, पाणी दिवसा द्यायचंय. ऊर्जा एका वेळेतून दुसऱ्या वेळेत नेणं शक्य असतं, त्याला तोटा सोसावा लागतो एवढंच. अकोले तालुक्यातल्या घाटघरला सरकारचा २५० मेगावॅटचा प्रकल्प नेमकं हेच करतो. मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवतात आणि मागणी चढली की ते सोडून वीज करतात. अशा प्रकल्पात चढवायला चार युनिट घातले तर साधारण तीनच परत मिळतात. एक युनिट गेलं तरी परवडतं, कारण संध्याकाळी त्या तीन युनिटांची गरज जास्त असते.

तुम्हाला तर पाण्यापासून परत वीजही करायची नाही, पाणीच हवंय. म्हणून रात्रीच्या लाइटीत पाणी वर चढवून ठेवणं हा सगळ्यात कमी तोट्याचा मार्ग. हजार लिटर पाणी ३० मीटर चढवायला २,९४,००० ज्यूल लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये, काहीच वाया गेलं नाही तर, बारा हजार लिटर चढेल. मोटार, पंप आणि पाइप मिळून निम्मं खातात असं धरा, सहा हजार लिटर. रात्रभरात तुमचा पंप जेवढे युनिट ओढेल त्याला सहा हजाराने गुणा, तेवढं शेततळं किंवा टाकी भरली.

पुढचं तुमच्या जमिनीवर अवलंबून आहे. शेताच्या वरच्या अंगाला टेकाड किंवा उंच बांध असेल तर तळं तिथेच करा. दर दहा मीटर उंचीला पाइपात साधारण एक किलोचा दाब मिळतो, आणि बहुतेक ठिबकला तेवढा दाब पुरतो, म्हणजे दिवसा मोटारीशिवाय पाणी देता येईल. पाइप लांब आणि बारीक असेल तर घर्षणात यातला दाब जातो, त्यामुळे उंची थोडी जास्तच धरावी. रान सपाट असेल तर तळ्यातून ठिबकला ढकलायला एक लहान सोलर पंप लागेल, पण तो विहिरीतून उपसायच्या पंपाहून खूपच लहान चालतो. सरकारच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे, मात्र ती मुळात पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे. तुमच्याकडे जोडणी आहे, तेव्हा तुमचा फीडर, म्हणजे तुमच्या भागाला वीज देणारी लाइन, सौर कृषी वाहिनीवर (दिवसा सौर वीज देणाऱ्या योजनेवर) येणार आहे का हे महावितरणच्या उपविभागात विचारून घ्या. आला तर दिवसा लाइट मिळेल आणि हा सगळा खटाटोपच वाचेल. डिझेल सेटचा विचार असेल तर ७.५ केव्हीएवर ५ एचपीचा पंप थेट उचलणं जड जातं, कारण सुरू होताना तो सहापट करंट मागतो. त्याहून मोठा सेट बघावा लागेल.

विहिरीच्या पाण्याची पातळी, तिथून तळ्याच्या जागेपर्यंतची उंची आणि पाइपलाइनची लांबी एवढं कळवलंत तर पाइप किती इंची घ्यायचा ते सांगतो. आणि रात्री ऑटो स्टार्टरवर पंप सोडणार असाल तर त्याच्यासोबत पाणी संपल्यावर मोटार बंद करणारा ड्राय-रनचा रिले नक्की बसवा. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पंप रात्रभर कोरडा फिरतो, सील जातं, आणि त्या रिलेच्या कितीतरी पट खर्च वाइंडिंगला होतो.